मुरबाडचे जावई : सुभेदार रामजी सकपाळ

(बारवी धरणाजवळ झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर 'एका माजी सैनिकाचे चरित्र' असा विषय लिहिलेला पाहून सकाळीच एका भावाने मला विचारले, "बैठक धरणाची, गाऱ्हाणे पाण्याचे आणि त्यात हा पेन्शनर कुठून आणलात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की हा पेन्शनर आपल्याच तालुक्याचा जावई आहे. त्याच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा तुकडा अशाच एका मातीकामावर, सरकारी तलावाच्या खोदाईवर खर्च झाला आहे. आणि आज तुमच्या घराघरात ज्या गोष्टीवरून भावाभावांत अबोला आहे, ती गोष्ट या माणसाच्या घरातही घडली होती.

या माणसाचे नाव रामजी मालोजी सकपाळ. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. बाबासाहेबांची जयंती आपण गावोगाव करतो. वडिलांचे नाव भाषणाच्या सुरुवातीला एका वाक्यात येते आणि तिथेच संपते. मी आज मुलाबद्दल थोडे आणि बापाबद्दल जास्त बोलणार आहे.

सासर मुरबाडचे

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, आजचा मंडणगड तालुका. रामजींचे वडील मालोजी फौजेत होते. घरात शेतीचा म्हणावा असा आधार नव्हता. कोकणातल्या खोतीच्या मुलखात महाराच्या घरी जमीन किती असणार? वतनाच्या नावाखाली गावाची वेठ तेवढी होती. त्या वेठीतून बाहेर पडायचा एकच रस्ता त्या काळी उघडा होता, तो म्हणजे पलटणीचा. मालोजी त्या रस्त्याने गेले, त्यांच्या मागून रामजी गेले.

रामजींचे लग्न झाले ते मुरबाडकरांच्या घरात. भीमाबाई, आपण ज्यांना भीमाई म्हणतो, त्यांचे माहेर मुरबाड तालुक्यातले आंबेटेंभे. ते घरही फौजेतले आणि सकपाळांपेक्षा वरच्या मानाचे. भीमाबाईंचे वडील सुभेदार मेजर होते, चुलतेही फौजेत मोठ्या हुद्द्यांवर होते. मुलीकडच्यांना हा साधा शिपाई जावई म्हणून फारसा पसंत नव्हता, असे चरित्रकार सांगतात. मुलगी मात्र मानी होती. नवरा पलटणीबरोबर लांब, त्याच्याकडून येणारे पैसे थोडे, आणि माहेरी हात पसरायचा नाही, म्हणून तिने सांताक्रूझला रस्त्यावर खडी पसरण्याचे काम केले, अशी नोंद आहे. सुभेदार मेजराची लेक रोजावर खडी पसरते आहे, हे चित्र डोळ्यापुढे आणा. मायबहिणींनो, रोजगार हमीच्या कामावर तुम्ही जे केलेत तेच काम.

पलटणीतली शाळा

रामजी शिपाई म्हणून भरती झाले, पण हातात खडू घेऊन वर चढले. त्या काळच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना, मुलींनासुद्धा, शिकवण्याची सोय होती. गावच्या शाळेचे दार ज्याला बंद, त्याला पलटणीच्या शाळेत पाटी मिळत होती. रामजी पुण्याच्या फौजी नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकीचे शिक्षण घेऊन आले आणि पुढे चौदा वर्षे फौजेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत गेले. इंग्रजी उत्तम, मराठी उत्तम, गणित पक्के. दारू नाही, मांस नाही. घराणे कबीरपंथी, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ घरात भजन आणि अभंग.

मध्य भारतातल्या महू छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे मूल जन्मले. तेच भीमराव. चौदापैकी जगली पाच. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे, मंजुळा आणि तुळसा या मुली. चौदातली नऊ लेकरे गेली. सुभेदाराच्या घरातला हा आकडा. मग बिगर पेन्शनीच्या, बिगर जमिनीच्या घरात काय असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा.

याच सुमारास सरकारने फिरवाफिरव केली. काही जाती लढाऊ आणि काही बिगरलढाऊ असे एक शास्त्र गोऱ्या साहेबांनी काढले आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची फौजेतली भरती बंद केली. ज्यांच्या बापआज्यांनी कंपनी सरकारसाठी रक्त सांडले त्यांना एका हुकुमाने सांगितले की तुम्ही शिपाईगिरीला लायक नाही. भावांनो, सरकारी कागदाची ही चाल आपल्याला नवी नाही. कामाला लागतो तोवर 'जवान', गरज सरली की 'अपात्र'. दापोलीकडचे फौजी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज केला. रामजींनीही न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन या हुकुमाविरुद्ध खटपट केली, असे बाबासाहेबांच्या चरित्रांत येते. स्वतःची नोकरी संपलेली, पेन्शन सुरू झालेली, तरी मागून येणाऱ्या पोरांसाठी हा माणूस अर्ज घेऊन फिरत होता. हुकूम काही तेव्हा फिरला नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला. रामजी त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी गेले होते.

पन्नास रुपयांचा संसार

१८९४च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. आधी दापोलीच्या कॅम्पात राहिले, कारण तिथे पेन्शनरांची वस्ती होती. पण पोरांच्या शाळेचे जमेना. मुंबईमार्गे साताऱ्याला आले आणि बांधकाम खात्यात भांडारपालाची नोकरी धरली. पन्नास रुपये त्या काळी कमी नव्हते, पण खाणारी तोंडे मोजा. साताऱ्याला येऊन फार दिवस झाले नाहीत तोच, १८९६ मध्ये, भीमाबाई वारल्या. धाकटा भीम तेव्हा पाच वर्षांचा.

घर सांभाळले ते रामजींच्या बहिणीने, मीराआत्यांनी. पाठीला बाक असलेली ही बाई. तिने आईविना पोरांचे सगळे केले. बाबासाहेबांच्या कुठल्याही चित्रात मीराआत्या नसतात, पण त्या नसत्या तर रामजींना बाहेरगावी नोकरी करता आली नसती. हिशेब लिहायचा तर तिचेही नाव जमेला लिहा.

थोड्या वर्षांनी रामजींनी दुसरे लग्न केले. जिजाबाई नावाच्या विधवेशी. धाकट्याला ते मुळीच रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्याला राग आला. बापाच्या पैशावर जगायचेच नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे असे त्याने ठरवले. भाड्याला पैसे हवेत म्हणून आत्याच्या कनवटीची पिशवी चोरायचे ठरवले. तीन रात्री खटपट केली, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, आत निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने पोराला लाज वाटली आणि चोरीऐवजी अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे त्याने ठरवले. बाबासाहेबांनी स्वतःच हे पुढे सांगितले आहे.

मी हे मुद्दाम सांगतो. रामजींना संत करून भिंतीवर टांगायचे नाही. आई मेलेल्या पोराचे मन या बापाला त्या वेळी कळले नाही. चांगल्या बापाच्या हातूनही असे होते.

तलावावरचा खजिनदार

आता मी बारवीला का उभा राहून हे बोलतो आहे, तिकडे येतो.

१८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. माणसे हजारांनी मेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलाव खोदायचे काम निघाले. तिथे रोजावरच्या मजुरांच्या पैशाचा व्यवहार ज्याच्या हाती द्यायचा त्या खजिनदाराच्या जागेवर रामजी गेले. पोरे साताऱ्यात आत्याजवळ आणि बाप तलावावर.

१९०१च्या सुमारास रामजींनी पत्र पाठवले की उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी माझ्याकडे यावे. पोरांना आनंद मावेना. नवे सदरे, नक्षीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. भीमराव, एक भाऊ आणि मेलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले अशी ही मंडळी आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. येतो म्हणून पत्र आधी पाठवले होते. पण ज्या नोकराच्या हाती ते पडले तो ते रामजींना द्यायला विसरला. स्टेशनावर घ्यायला कुणी नाही.

स्टेशनमास्तरने चौकशी केली. चांगल्या कपड्यातली पोरे पाहून त्याला ती वरच्या जातीची वाटली होती. आम्ही महार, असे पोराच्या तोंडून निघताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, वर अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. म्हणजे पैसा चालतो, पोराच्या हातचा कासरा चालतो, पण पोराच्या शेजारी बसणे चालत नाही.

संध्याकाळी निघाले. बरोबर डबा होता, भरपूर होता. पण पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले त्यात गुरांचे शेणमूत. ज्याच्याकडे स्वच्छ पाणी आहे तो देणार नाही. मध्यरात्री जकातनाक्यावर पोचले. गाडीवानाने सुचवले होते तसे पोराने आपण मुसलमान आहोत म्हणून सांगितले आणि पाणी मागितले. नाकेदार म्हणाला, पाणी तुमच्यासाठी कुणी ठेवले आहे? जा डोंगरावर. पोरे भरलेला डबा जवळ ठेवून उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोचली. बापाला काहीच माहीत नव्हते. पोरांना दारात पाहून तो थक्क झाला.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत हा प्रवास सांगितला आहे. आपल्या नशिबी काय आहे ते आपल्याला त्या प्रवासात कळले, अशा अर्थाने ते लिहितात. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झालेले होते. तिथे बसायला घरून नेलेले गोणपाट होते आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळत होते. ते अपमान रोजचे म्हणून अंगवळणी पडले होते. हा मात्र जिव्हारी लागला.

आता मी बापाच्या बाजूने पाहतो. हा माणूस सकाळी उठून दुष्काळी मजुरांचे पैसे मोजतो. कशासाठी? लोकांना पाणी मिळावे म्हणून तलाव खोदला जातो आहे. पगारपत्रकावर पै-पैचा हिशेब बरोबर आहे. आणि त्याच कामाच्या वाटेवर त्याच्या स्वतःच्या पोरांना घोटभर पाणी कुणी दिले नाही. पाणी साठवणे ही एक गोष्ट आणि पाणी कुणाला मिळते ही दुसरी गोष्ट. हे ज्याला समजावून सांगावे लागत नाही अशी माणसे कुठे असतील, तर ती बारवीच्या काठावर आहेत. सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी या भिंतीमागे राहते. ते अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, नवी मुंबईपर्यंत जाते, कारखान्यांना जाते. जाऊ द्या, तहान शहरालाही आहे. पण ज्यांची गावे या पाण्याखाली गेली त्यांच्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन कुठवर चालल्या, ते इथे बसलेल्या मायबहिणी सांगतील.

परळची एक खोली

१९०४ मध्ये रामजी मुंबईला आले. लोअर परळमध्ये कामगार चाळीत एक खोली. त्या एका खोलीत चूल, सरपण, जाते, एक शेळी आणि सगळे कुटुंब. धाकट्याला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. अभ्यासाला जागा नाही. मग रामजींनी फौजी उपाय काढला. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आपण आडवे व्हायचे. पलटणीत पहाऱ्याची पाळी बदलतात तशी ही अभ्यासाची पाळी. पोर कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत वाची. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, हे बापाने आधीच घोटून घेतले होते.

पोराला पुस्तकांचा नाद, तोही शाळेबाहेरच्या पुस्तकांचा. पुस्तक हवे म्हटले की रामजी उठत आणि मुंबईतच दिलेल्या दोन लेकींकडे जात. पैसे असले तर धाकट्या लेकीकडून उसने घेत. नसले तर थोरलीचा एखादा दागिना मागून घेत आणि मारवाड्याकडे गहाण टाकत. महिन्याअखेर पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत. पुन्हा नवे पुस्तक, पुन्हा तोच दागिना. आपल्यापैकी किती जणांनी बियाण्यासाठी बायकोची पोत सोसायटीत किंवा सावकाराकडे नेली आहे? आणि ती किती जणांनी परत आणून तिच्या गळ्यात घातली? रामजी दर खेपेला परत देत, यात त्या माणसाची खरी फौजी शिस्त दिसते.

पण पन्नास रुपयांत दोन मुलगे शिकवणे काही बसेना. तेव्हा आनंदरावांचे शिक्षण थांबले, ते कामाला लागले, आणि भीमराव शिकत राहिले. आनंदराव काही ढ नव्हते. घरात एकाच्याच फीची सोय होती. एकाने पुढे जायचे तर दुसऱ्याने मागे थांबायचे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्कार झाला, कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए.ची परीक्षा देऊन मोकळे झाले. बडोद्याच्या नोकरीत मुलाने जावे हे रामजींच्या मनात नव्हते. पण शब्द पाळायचा म्हणून भीमराव जानेवारी १९१३ मध्ये गेले. फौजेत लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली असे चरित्रकार सांगतात. सुभेदाराचा पोरगा लेफ्टनंट. पण थोड्याच दिवसांत तार आली. परत येताना सुरतेला बापासाठी मिठाई घ्यायला भीमराव खाली उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला एक दिवस उशीर झाला. रामजींनी पोराला पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळात डोळे मिटले. २ फेब्रुवारी १९१३. मागे संपत्ती नव्हती, थोडे कर्ज होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला.

आपल्या घरचा हिशेब

त्या मुलाने पुढे काय केले ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी शेतकऱ्याशी संबंधित तीन गोष्टी सांगतो. १९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून शेती सुधारत नाही, शेतीला भांडवल हवे आणि शेतीवर लादलेली जादा माणसे उद्योगात जायला हवीत, असा त्याचा मथितार्थ. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून आले तेव्हा त्यांच्या पुढे ते होते. आणि १९४२ ते १९४६ या काळात केंद्र सरकारात मजूर मंत्री असताना दामोदर, महानदी अशा नद्यांच्या पाण्याच्या योजनांचे काम त्यांच्याच खात्यात होते. जकातनाक्यावर पाण्यावाचून झोपलेले पोर देशाच्या पाण्याचा विचार करायला बसले. त्याआधी १९२७ मध्ये महाडला त्याने हजारो माणसांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.

आता आपल्याकडे या. बारवीची उंची वाढवताना, बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर, बाधित कुटुंबातल्या एकाला नोकरी असा निर्णय झाला. २०१९ पासून धरण वाढीव उंचीने भरू लागले. जमीन सगळ्या घराची गेली, नोकरी एकाच्या नावावर लागली. चार भावांत कोण? लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे काय? या प्रश्नावरून इथे घरे फुटली आहेत, हे मी ऐकतो. माजी सैनिकाच्या घरातही तेच. फंडाचे पैसे आले की थोरल्याचे घर बांधून होते आणि धाकटा गवंड्याच्या हाताखाली राहतो.

रामजींच्या घरातही निवड एकाचीच झाली होती. आनंदराव थांबले, बहिणींचे दागिने गहाण पडले, मीराआत्या चुलीपुढे बसल्या. तरी ते घर फुटले नाही. माझ्या मते त्याची कारणे दोन. बापाने स्वतःसाठी काही राखले नाही, झोपसुद्धा नाही, म्हणून निवड करण्याचा त्याचा अधिकार कुणी नाकारला नाही. आणि ज्याचे घेतले त्याचे परत करायचे, हे त्याने दर महिन्याला करून दाखवले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्याच्या नावावर नोकरी लागली त्या भावाने घरी गेल्यावर एक वही घ्यावी. माझ्यासाठी कोण थांबले, कुणाचा दागिना मोडला, कुणाच्या वाट्याची जमीन पाण्याखाली गेली, हे त्यात नावानिशी लिहावे. बहिणीचे नाव वगळू नये. आणि पगार झाला की दर महिन्याला त्यातले थोडे थोडे फेडत जावे. सरकारशी आपला हिशेब व्हायचा तो होईल, त्यासाठी आपण भांडतोच आहोत. घरातला हिशेब मात्र आपल्या हातात आहे.

मुरबाडच्या या जावयाला, आणि खडी पसरणाऱ्या त्याच्या मानी बायकोला नमस्कार करून मी बसतो.